चाळीस मिलिग्रॅम

"जिना चढून आलाव का?" असं तिनं विचारलं आणि लखन "हो" म्हणाला. दवाखाना तळमजल्यावर होता.

तिनं त्याच्या दंडाचा पट्टा फर्रकन सोडवला, मशीनवरचे आकडे कागदावर उतरवले, एकशे अठ्ठेचाळीस, खाली शहाण्णव, नाडी एकशे बारा, आणि पेनाचं टोपण लावता लावता त्याच्याकडं एकदाच बघितलं. तोंडाला मास्क, डोक्याला निळी टोपी, म्हणजे माणूस म्हणून फक्त डोळे शिल्लक. पण आवाजाला मास्क नसतो. ती अयोध्या होती. तीन वर्षांपूर्वी लखन तिला बघायला याच नांदेडात आला होता, सिडकोत, आई-बाप, चुलता आणि मध्यस्थ धरून पाच माणसं जीपमध्ये घालून. आणि परतीच्या वाटेवरच नकार कळवून मोकळा झाला होता. पुढं भेट नाही, फोन नाही. आज तो आला होता बाहेरचा परीक्षक म्हणून. लातूरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात तो शिकवायचा, विषय औषधं अंगात जाऊन काय काय करतात हा, आणि सकाळपासून त्यानं इथल्या बावीस पोरापोरींची तोंडी परीक्षा घेतली होती. तेविसाव्या पोरीची वही हातात घेतली तर अक्षरं ओळी सोडून चालायला लागली. कपाळ तर आठवडाभर ठणकतच होतं. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, डॉक्टर लेनला डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन या सर, बाहुल्या मोठ्या करून तपासतेत, दीड तासात मोकळे. बाहुल्या कोण मोठ्या करतं हे त्या मास्तरांना तरी काय ठाऊक.

"मान वर. छताकडं बघा." थेंब पडला, चरचरलं. दुसऱ्या डोळ्यात पडला. "आता झाका, आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. दहा-दहा मिनिटांनी अजून दोनदा टाकावं लागतंय." एवढं सगळं ती जशी कुणालाही म्हणेल तशी म्हणाली, आणि लखन भिंतीकडच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसला. बाकावर आधीच सहा-सात जणं तशीच मिटून बसलेली, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथं सामुदायिक पश्चात्ताप चाललाय. थेंबाचा कडूपणा नाकाच्या वाटेनं हळूहळू घशात उतरला. छातीत मात्र काहीतरी दाणदाण चाललं होतं. तिनं आपल्याला ओळखलं का? ओळखून न ओळखल्यासारखं केलं का? आणि आपण, तीन वर्षं जे सांगायचं सांगायचं म्हणून मनात घोळवलं, ते सांगायचं का? सांगायचं एवढंच होतं की बाई, त्या दिवशीचा नकार माझा नव्हता, गोळीचा होता.

लखन वर्गात सांगायचा: आपल्या अंगात एक स्वायत्त संस्था असते, आणि मराठवाड्यातली ही एकच संस्था अशी की अनुदानाशिवाय वेळेवर चालते. तिच्यात दोन खाती. एक अनुकंपी, म्हणजे मागं पिसाळलेलं कुत्रं लागलंय असं धरून चालणारं. छाती धडधडवायची, तळव्याला घाम आणायचा, तोंड कोरडं पाडायचं, बाहुल्या मोठ्या करायच्या. दुसरं परानुकंपी, म्हणजे जेवून ओट्यावर टेकलेला बाप. सगळं सावकाश, नाडी संथ, बाहुल्या बारीक. दोन्ही खाती मालकाला विचारत नाहीत. आणि औषध म्हणजे साहेबाच्या नावानं परस्पर खात्यात फोन करणारा माणूस. तो सांगतो, धडधड बंद. खातं बंद करतं. साहेबाला पत्ता नसतो. पोरं हसायची आणि परीक्षेत अनुकंपीचं परानुकंपीत लिहून यायची. आज बाकावर बसल्या बसल्या लखनला आपलंच व्याख्यान आठवलं आणि एक नवीनच शंका अंगावर आली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब दोन तऱ्हेचे मिळतात. साधे थेंब फक्त ओट्यावरच्या बापाला झोपवतात. दुसऱ्या तऱ्हेच्या थेंबांत जोडीला ते कुत्रंही सोडलेलं असतं, फिनाइलेफ्रिन नावाचं, आणि ते नाकावाटे रक्तात झिरपलं तर छातीत धडधड होऊ शकते, असं पुस्तकात दिलेलं आहे. म्हणजे ही धडधड हिच्यामुळं की हिच्या थेंबांमुळं? थेंबांच्या आधी नाडी एकशे बारा होती हे खरं. पण दवाखान्यात कुणाचीही वाढते, तेही पुस्तकात दिलेलं आहे. लखनकडं सगळ्याचं उत्तर होतं.

"कुठले म्हणायचे तुम्ही?" शेजारून आवाज आला. म्हातारा होता, अंगाला तंबाखूचा आणि गोठ्याचा वास.

"लातूरला असतो. गाव अहमदपूरकडं."

"मी देवणीचा. सिद्रामप्पा. पोरगी दिलीया हिकडं नांदेडात, तिनं आणलं. मोतीबिंदू हाय म्हणतेत." म्हाताऱ्यानं मिटल्या डोळ्यांनीच खाकरून घेतलं. "माझ्या वळूच्या डोळ्यात असंच एकदा औषध सोडलं डागदरनं. तीन दिवस त्यो मला वळखीना. चौथ्या दिवशी वळखलं आन् शिंग मारलं."

"अप्पा, डोळे झाका," लांबून अयोध्याचा आवाज आला.

"झाकलेत की बाई. तोंड उगडं हाय निस्तं."

लखन हसला, आणि हसता हसता तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी, नांदेडच्या वाटेवर लोह्यातल्या चहाच्या टपरीवर जाऊन पोचला. सकाळचे नऊ. जीप थांबलेली, बाप ग्यानोबा बशीत चहा ओतून फुंकतोय, आई गुणाबाई जीपमधूनच ओरडून सांगतेय की जास्त पिऊ नका, तिथं नाही म्हणता येत नाही, आणि लखन टपरीमागं जाऊन खिशातली गोळ्यांची पट्टी काढतोय. चाळीस मिलिग्रॅम, गुलाबी. प्रोप्रॅनोलॉल, धडधड आणि थरथर बंद करणारी. नोकरीच्या मुलाखतीला पहिल्यांदा घेतली होती तेव्हा असं निवांत वाटलं होतं की मुलाखत घेणाऱ्यांनाच पाणी विचारावं. पुढं लखन ती प्रत्येक भीतीच्या तोंडावर घ्यायला लागला. कॉलेजच्या तपासणीला समिती आली तेव्हा प्राचार्यांनी सतराच्या सतरा जणांसाठी मागवून घेतली, आणि समितीनं शेरा मारला, 'कर्मचारीवर्ग संस्थेबाबत उदासीन आहे.' तरी लखनचा विश्वास ढळला नाही. पोरगी बघायला जायचं म्हणजे चार परकी माणसं समोर बसून आपल्या हातातली बशी बघणार. त्याला तेवढंच नको होतं. बशी वाजू नये. मनातलं त्यानं काही बंद करायला घेतलं नव्हतं, फक्त बशी.

बशी वाजली नाही. सिडकोतल्या त्या बैठकीत त्यानं सुशीला खाल्लं, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं, वर दाण्याचं कूट आणि भरपूर कोथिंबीर. एक प्लेट संपवून दुसरी मागून घेतली, आणि गुणाबाईनं त्याच्याकडं, हा आपलाच ना, असं बघितलं. अयोध्या ट्रे घेऊन आली तेव्हा कपबशा किणकिणत होत्या. डोळ्यांच्या तपासणीचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागलेली. तिनं नजर खाली ठेवली नाही. लखननं बघितलं, छान आहे असं त्याला समजलं, जसं एखाद्याला आज बुधवार आहे हे समजतं. मग दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. गच्चीत तांदळाच्या पापड्या वाळत घातलेल्या, त्या ओलांडत ओलांडत दोघं कठड्यापाशी गेले.

"माझे हात बघा," ती एकदम म्हणाली. "थरथरायलेत. आत कपबशा वाजत होत्या तर आईनं असं वटारून बघितलं. तुमचे बघू."

लखननं हात पुढं केला. तो एखाद्या फोटोतला हात असावा तसा राहिला. तिनं आपला त्याच्या बाजूला धरला. एक हात थरथरणारा, एक न थरथरणारा, खाली पापड्या.

"भीती नाही वाटायली तुम्हाला?"

"नाही."

"कशाचीच?"

"आज तरी नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

ती बराच वेळ त्याच्या हाताकडं बघत राहिली. खालून कुणीतरी हाक मारली. सात मिनिटं झाली असतील. ही सात मिनिटं लखननं पुढं इतक्यांदा फिरवून बघितली की आता त्यातल्या पापड्यासुद्धा मोजता आल्या असत्या. पण त्या वेळी, ती मिनिटं जिवंत असताना, त्यातलं काहीच त्याला लागलं नाही.

"आता दुसऱ्यांदा टाकायलेय. उघडा." लखननं डोळे उघडले. ती वाकली होती, अगदी जवळ, आणि जवळचं सगळं आधीच पुसट झालं होतं. तिच्या गळ्यात काहीतरी काळं होतं, खाली टोकाला पिवळं. ओळखपत्राची दोरी असेल. मंगळसूत्र असेल. लखननं डोळे ताणले, बारीक केले, तिरके केले. "हलू नका," ती म्हणाली, थेंब पडले, आणि तो विषय तिच्याच औषधानं बंद झाला. तो पुन्हा अंधारात जाऊन बसला. लग्न झालेलं असलं तर सांगून काय उपयोग? नुसता ऊर मोकळा करायला कुणाच्या घरात दगड टाकायचा? आणि झालेलं नसलं तर? या दुसऱ्या 'तर'पाशी छातीतल्यानं अशी उडी मारली की लखनला फिनाइलेफ्रिनच्या टक्केवारीचा विचार करावा लागला.

"बाई," शेजारून सिद्रामप्पानं विचारलं, जणू लखननं त्याला पैसे देऊन बसवलं होतं, "तुमचं लगीन झालं का?"

"नाही अप्पा. डोळे झाका."

"का बरं? नाकीडोळी तर झ्याक असणार. मला दिसत न्हाई ती गोष्ट येगळी."

"तुमच्या बघण्यात आहे का कुणी?"

"हाय की. ह्यो शेजारचा बोलण्यावरनं बरा वाटायलाय. अहमदपूरकडचा हाय." बाकावरचे दोघं-तिघं खुदखुदले. लखनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अयोध्या काहीच बोलली नाही, आणि त्या न बोलण्यात लखनला कळलं की तिनं त्याला ओळखलंय. "पुढल्या खेपंला ऑपरेशन करायचं म्हणतेत," सिद्रामप्पा म्हणाला, "तवा बी थेंब तुम्हीच टाका. हात हलका हाय तुमचा."

"पुढल्या महिन्यात मी नसते अप्पा. हैदराबादला नोकरी लागलीय. पंधरा दिवसांनी चाललेय."

"कायमची?"

"कायमचीच म्हणा."

परतीच्या वाटेवर जीप माळाकोळीच्या पुढं आली तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. ग्यानोबा मागं वळून म्हणाला होता, "काय रं, बोल की. पसंत हाय का न्हाई?" गुणाबाई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. नजर खाली न्हाई ठिवली तिनं, मला तर त्येच आवडलं." पुढच्या सीटवर मध्यस्थ किशनराव तळहातावर फोन घेऊन तयार बसलेला, त्याला संध्याकाळी दुसऱ्या एकाला स्थळ दाखवायचं होतं. लखननं काय केलं, तर डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघून मोजलं. अठ्ठावन्न. विषय शिकवणारा माणूस. सकाळी स्वतःच्या हातानं जे खातं बंद केलं त्याच खात्यात जाऊन दुपारी विचारतोय की माझ्या नावचं काही आलंय का. आणि खातं म्हणालं, काही नाही साहेब. लखन म्हणाला, "काहीच वाटलं नाही."

"काही वाटलं न्हाई म्हंजे?" ग्यानोबा म्हणाला. "वाटायला काय हिवताप यायलाय का?"

पण किशनरावानं फोन लावलाही होता, आणि त्याला कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकरवर. "पोराला काही वाटलं न्हाई म्हणायलाय," तो म्हणाला. तिकडं मागं भांड्यांचा आवाज होता. तो आवाज थांबला. मग तिचे वडील म्हणाले, "बरं."

आठवण नेहमी इथं, जीपमध्येच थांबायची. पुढची संध्याकाळ लखन उघडत नसे. एवढी गोष्ट त्यानं लातुरात दोन मित्रांना सांगितली होती, आणि चांगली सांगितली होती. अठ्ठावन्नला कुठं थांबायचं, हिवतापाला कसा सूर लावायचा, सगळं बसवून. दोघंही पोट धरून हसले. त्या गोष्टीत लखन बिचारा होता आणि गोळी लबाड. नंतर त्यानं पाच ठिकाणी पोरी बघितल्या, बिनगोळीच्या, मुद्दाम. आणि पाचही ठिकाणी छाती धडधडली. उदगीरला तर पोरगी बाहेर यायच्या आधीच धडधडली, तिची आजी पाणी घेऊन आली तेव्हा. म्हणजे तेही काही कामाचं नाही. पाचही ठिकाणी तो परत येताना गच्चीवरच्या पापड्यांपाशी येऊन थांबायचा, आणि नाही म्हणून टाकायचा.

तिसऱ्यांदा थेंब पडले तेव्हा त्यानं गळ्याकडं बघितलं नाही. बाकावर परत येऊन त्यानं शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. पट्टी होती. असायचीच. आत जाऊन नीट, शांतपणे, चार वाक्यात सांगायचं तर आवाज फाटून चालणार नव्हतं. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं एक गोळी टचकन काढली.

"काय हाय?" सिद्रामप्पा. "बडीशेप असंल तर द्या की मला बी."

"गोळी आहे अप्पा. औषधाची."

"मग ऱ्हाऊ द्या. लई झालीत."

लखननं ती तोंडाकडं नेली आणि तशीच मुठीत धरली. घेतली तर पुन्हा तोच फोटोतला हात. नाही घेतली तर हा असा, बैलगाडी पुलावरून गेल्यासारखा आतला आवाज, आणि तो आपला की थेंबांचा याचा पत्ता नाही. असं करावं का, की थेंब उतरू द्यावेत; पाच-सहा तास लागतात; परीक्षकाचा मुक्काम उद्यापर्यंत आहेच; उद्या सकाळी स्वच्छ अंगानं यावं, नाडी बघावी, आणि मगच काय ते बोलावं. हा विचार त्याला फार शास्त्रीय वाटला. मूठ घामानं भिजत चालली होती.

"लखन ग्यानोबा. आत या."

आतली खोली अंधारी, एक दिवा, एक हनुवटी टेकायचं यंत्र, दोन स्टुलं. डॉक्टर यायच्या आधी बाहुल्या पुरेशा झाल्यात का ते ती बघणार होती. त्यानं हनुवटी टेकली. उजेडाची एक उभी चीर डोळ्यात शिरली आणि आतपर्यंत गेली. बाहुली तिला दारच लावू शकत नव्हती. "झाल्यात," ती म्हणाली. "पूर्ण." आणि मग, "हातात काय आहे?"

लखननं मूठ उघडली. गोळी विरघळून तळव्याच्या रेषांत गुलाबी चिखल झाला होता.

"कशाची?"

"धडधड थांबायची," तो म्हणाला. आणि मग ठरवलेली चार वाक्यं राहिलीच, भलतंच सगळं एका दमात बाहेर आलं. "त्या दिवशी पण घेतली होती. सकाळी नऊला, लोह्यात. म्हणून हात थरथरला नाही. म्हणून मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं असणार, पण मला कळलं नाही. ते माझं नव्हतं, गोळीचं होतं."

तिनं यंत्राचा दिवा बंद केला. खोलीत बाहेरच्या दाराखालून येणारा उजेड तेवढा उरला.

"तुम्ही सुशीला दोनदा घेतलं होतं," ती म्हणाली. "मी आईला म्हणलं, आवडलेलं दिसतंय." तिनं स्टूल मागं सरकवलं. "तुमचा तो हात बघून मला वाटलं, किती निवांत माणूस आहे. ह्याच्याजवळ आपले थरथरले तरी चालतेत. तेच आवडलं होतं मला." ती हसल्यासारखं बोलत होती, पण मास्कमुळं हसतेय का ते दिसत नव्हतं. "तुमच्याकडनं फोन आला ना, काही वाटलं नाही. आमच्याकडं ते वर्षभर चाललं. भाजी केली की भाऊ म्हणायचा, मला काही वाटलं नाही. नवा ड्रेस घातला की, मला काही वाटलं नाही. आई मला तीनदा बाजूला घेऊन विचारली, गच्चीवर काय बोललीस तू त्याला. मी म्हणलं, हात दाखवले."

"गोळीमुळं," लखन म्हणाला.

"किती तास चालते ती?"

प्रश्न तोंडी परीक्षेतला होता. आज सकाळी त्यानंच तो विचारला होता, आणि एका पोरीनं बरोबर सांगितलं होतं. "सहा. फार तर आठ."

"नऊला घेतली म्हणालाव. म्हणजे पाचला उतरली." तिनं बोटांवर मोजलं. "मग सहाला काय केलाव?"

सहा वाजता लखन लातुरात गंजगोलाईच्या बाजारात उभा होता. खोलीवर कपडे वाळत घालायची दोरी तुटली होती, ती घ्यायला आलेला. दुकानदार दोन्ही हात पसरून दोरी मापत होता, एक वाव, दोन वाव, आणि तिसऱ्या वावेला ते सुरू झालं. आधी कानात. मग गळ्यात. मग त्याचे हात, दोन्ही, दुकानदाराच्या देखत थरथरायला लागले, आणि त्या थरथरणाऱ्या हाताशेजारी अजून एक थरथरणारा हात होता, नसून होता. त्याला गच्ची आली, तिचा प्रश्न आला, तिनं नजर खाली न ठेवणं आलं. सकाळी पाठवलेलं सगळं टपाल संध्याकाळी एकदम आलं. त्याला तेव्हा, तिथं, गोलाईच्या गर्दीत, स्वच्छ कळलं होतं. किशनरावाचा नंबर काढून त्यानं अंगठा त्यावर धरलासुद्धा. एकदा दाबलं असतं तर झालं असतं. ग्यानोबानं शिव्या घातल्या असत्या, किशनरावानं दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं, तिच्या वडिलांसमोर मान खाली घालून एकदा जावं लागलं असतं. पण अंगठा इतका हलत होता, आणि आपल्या आत एवढं मोठं काही आहे हेच इतकं भीतिदायक वाटलं, की लखननं फोन खिशात टाकला. त्याच खिशात पट्टी होती. दुकानदाराकडंच पाणी मागितलं. वीस मिनिटांत, अर्ध्या तासात सगळं निवलं. दोरी घेऊन तो खोलीवर गेला. झोप चांगली लागली.

"अजून एक घेतली," तो म्हणाला.

ही बाजू गोष्टीत कधी नव्हती, मित्रांना सांगितलेल्या नाही आणि स्वतःला सांगितलेल्याही नाही. ती सांगून झाल्यावर लखनला एखाद्या परीक्षेत आपलाच पेपर तपासून नापास केल्यासारखं झालं. बाहेर सिद्रामप्पा कुणाला तरी वळूचं वय सांगत होता.

"आणि आज?" ती म्हणाली.

"आज नाही घेतली."

"ते दिसायलंय. काय होतंय, ते विचारायलेय."

"धडधडतंय," लखन म्हणाला. "मघापासून. पण ते तुमच्या थेंबांनी असू शकतं. काही थेंबांत फिनाइलेफ्रिन असतं, त्यानं—"

"नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं बीपी जास्त आलं म्हणून साधे टाकलेत. त्यात धडधडायचं काही नसतंय."

असं म्हणून तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. पहिल्यांदाच. दाराखालच्या उजेडात ती त्याच्यापासून हातभरावर उभी राहिली, आणि लखनला तिचा चेहरा दिसला नाही; त्या अंतरावरचं त्याला काहीच दिसत नव्हतं, डोळे कुठं, ओठ कुठं, सगळं पाण्यात बुडालेलं. पण ती उभी होती हे दिसत होतं. ती जायची घाई करत नव्हती हे दिसत होतं. इतका सोपा प्रश्न लखनला आयुष्यात कुणी घातला नव्हता, आणि उत्तरही एका वाक्याचं होतं, तेही तयार होतं, जिभेवर होतं. थांबा म्हणायचं. हैदराबादला जाऊ नका असं नाही, नुसतं थांबा. त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःचा आवाज ऐकला:

"बाटली बघू का जरा?"

ती हलली नाही. मग तिनं कोटाच्या खिशातून छोटी बाटली काढून त्याच्या त्या गुलाबी तळव्यावर ठेवली. लखननं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, दाराकडच्या उजेडात तिरकी केली. पांढऱ्या पट्टीवर राखाडी धूर होता. त्याला एक अक्षर लागलं नाही.

"द्या," ती म्हणाली. बाटली घेतली, दिवा लावला, आणि पोस्टात म्हाताऱ्या माणसाला पत्र वाचून दाखवावं तसं सावकाश वाचायला लागली. "ट्रॉपिकामाइड, एक टक्का. निर्जंतुक पाणी. टिकण्यासाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बस. अजून काही नाही. थंड जागी ठेवा. उजेड लागू देऊ नका. फक्त डोळ्यात टाकण्यासाठी." तिनं बाटली फिरवली. "उघडल्यावर महिन्याच्या आत वापरा."

लखननं मान हलवली. सगळं बरोबर होतं. फिनाइलेफ्रिन नव्हतं. म्हणजे आतलं जे काही होतं ते एकट्याचं, कुणाच्याही फोनविना, थेंबाआधीपासून चाललेलं, आणि आता त्यात शंकेला जागा उरलेली नव्हती. हे सांगायला त्यानं वर बघितलं तोवर बाटली खिशात गेली होती, मास्क वर गेला होता आणि दार उघडलं होतं. "डॉक्टर येतेत आता," ती बाहेरच्या उजेडातून म्हणाली. "आज गाडी चालवू नका." मग बाकाकडं वळून तिनं हात पुढं केला. "चला अप्पा. धरा. सावकाश, उंबरा आहे."

सिद्रामप्पा तिचा हात धरून आत आला, दुसऱ्या हातानं चाचपत स्टुलापर्यंत पोचला, आणि त्याचा हात लखनच्या गुडघ्याला लागला.

"उठता का जरा, सर," तो म्हणाला. "मला बसायचंय."